अबोल्याचा तिसरा अंक

खानदेशातलं पहिलं आधुनिक नाटक माझ्या रागातून निघालं. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, आणि आमच्याकडच्या विद्वानांचा स्वभाव ठाऊक असल्यामुळे पुढे कधी लिहिलं जाईल अशी आशाही मला नाही. म्हणून मीच लिहून टाकते.

आम्ही तेव्हा जळगावात राहत होतो. माझे यजमान वकील. म्हणजे सनद होती, काळा कोट होता, दारावर पाटी होती. पक्षकार तेवढे बेताचे होते. त्यामुळे त्यांच्याजवळ वेळ भरपूर असे आणि तो सगळा ते आधुनिकतेला देत. जोडीला एक डॉक्टर होते, हायस्कुलातले एक मास्तर होते आणि कोर्टातला एक तरुण कारकून होता. हिवाळ्यात ही मंडळी मेहरूणच्या तळ्याकाठी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजत आणि भरीत खात खात मराठी रंगभूमीचं कसं वाटोळं झालं यावर बोलत. उन्हाळ्यात तीच चर्चा आमच्या ओट्यावर होई, त्यामुळे स्वयंपाकघरात बसून मला ती पाठ झाली होती. रंगभूमीचं वाटोळं पदांनी केलं, रंगवलेल्या पडद्यांनी केलं, आणि मुख्य म्हणजे स्त्रीच्या मनात डोकावून कुणी पाहिलंच नाही म्हणून झालं. स्त्रीच्या मनाचा विषय निघाला की चर्चा लांबे आणि आतून आणखी एकदा चहा मागवला जाई. चहा घेऊन जायची ती मीच. माझ्या मनात काय आहे हे विचारायचं त्या गडबडीत प्रत्येक वेळी राहून जायचं.

माझ्या मनात एकच गोष्ट होती आणि ती मुळीच गूढ नव्हती. मला मास्तरीण व्हायचं होतं. शिंदखेड्याला माहेरी असताना मी मराठी सातवी पास झाले होते, आणि धुळ्याला देवपुरात बायकांना शिक्षिका करण्याचा एक वर्ग निघाल्याचं माझ्या कानावर आलं होतं. दोन वर्षं तिथंच राहायचं, शिकवायचं कसं ते शिकायचं आणि मग शाळेत नोकरी धरायची. लग्न झालेल्या बाईलाही घेत. अटी दोनच होत्या. वय पंचविशीच्या आत हवं, आणि नवऱ्यानं स्वतः येऊन तिथल्या मोठ्या बाईंसमोर आपली हरकत नाही असं सांगायला हवं.

पहिल्यांदा विचारलं तेव्हा यजमानांना आनंद झाला. "स्त्रीशिक्षणाला माझा विरोध असेलच कसा?" असं म्हणून त्यांनी मला स्त्रीशिक्षणाचं महत्त्व पुष्कळ वेळ समजावून सांगितलं. मग म्हणाले, "फक्त यंदा नको. नाटक लिहायला घेतोय." दुसऱ्या वर्षी विचारलं तर दोन अंक झाले होते आणि तिसरा अडला होता, अशा वेळी घरात कुणी नसलं तर लेखक माणसाचं व्हायचं कसं? तिसऱ्या वर्षी चैत्रात मी पुन्हा विचारलं. वर्ग जूनमध्ये सुरू व्हायचा होता, आणि त्याच्या पुढच्या जूनपर्यंत माझी पंचविशी उलटून गेलेली असणार होती. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. हेही मी त्यांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "तू अगदी चुकीच्या वेळी विचारतेस बघ. एकदा हे नाटक रंगभूमीवर येऊ दे, मग आपण शांतपणे बोलू."

त्या दिवशी मी अबोला धरला.

अबोला म्हणजे तोंडाला कुलूप नव्हे. त्याच्या रीती असतात. नवऱ्याशी बोलायचं नाही, पण घर तर चालायला हवं. तेव्हा भिंतीकडे बघून "कुणाला जेवायचं असेल तर पान वाढलंय" असं म्हणायचं. धोब्याकडचे कपडे आल्याचं मांजराला सांगायचं. स्वयंपाक नेहमीपेक्षा जरा चांगलाच करायचा, म्हणजे समोरच्याला नाव ठेवायला जागा राहत नाही. मग नवरा अस्वस्थ होतो, दोन दिवस चिडचिड करतो, आणि तिसऱ्या दिवशी नात्यातले नाहीतर शेजारचे कुणी आबा-नाना मध्ये पडतात. दोघांना समोर बसवतात, हिला काय हवं ते विचारतात, त्याच्याकडून चार लोकांत शब्द घेतात आणि अबोला सुटतो. माझ्या आईनं याच रीतीनं शिंदखेड्याला घराच्या मागे विहीर खोदून घेतली होती.

आमच्या घरात तो सुटेना, कारण वकीलसाहेब अस्वस्थच होईनात. पहिल्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी मान वर करून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता विचारतील. ते हात न धुता उठले आणि पेन्सिल शोधायला गेले.

संध्याकाळी ओट्यावरून त्यांचा आवाज आत आला. "तिसरा अंक सापडला! त्या अंकात बायको एक अक्षरही बोलत नाही. नवरा बोलतोय, बोलतोय, आणि ती गप्प! स्त्रीच्या मनाचं सगळं गूढ त्या मौनात!" डॉक्टर म्हणाले, "वा!" मास्तर म्हणाले, "हे फारच आधुनिक होणार." मी आत पापड भाजत होते, त्यातले चार जळले. माझा राग त्यांच्या कानापर्यंत जावा म्हणून मी गप्प झाले होते, आणि त्यांनी त्याचा अंक केला होता. इतका संताप मला आधी कधी आला नव्हता. आणि पंचाईत अशी, की बोलावं तर हरले, आणि न बोलावं तर त्यांची तालीम चालू. मी न बोलायचं ठरवलं.

त्याच सुमारास जळगावात बोलपट येऊ लागले होते. इतकी वर्षं मुकी असलेली चित्रं बोलायला लागली म्हणून लोक गर्दी करून जात होते, आणि नेमकं तेव्हाच आमच्या वकीलसाहेबांनी बोलतं नाटक मुकं करायला घेतलं.

नाटकाचे नियम कडक होते. पदं नाहीत. रंगवलेले महाल आणि अरण्यं नाहीत, एकच खोली, आणि तीही खरी. तोंडाला रंग नाही. नटानं आपल्या नेहमीच्या कपड्यांत, नेहमीच्या चेहऱ्यानं उभं राहायचं. नवऱ्याचं काम यजमान स्वतः करणार होते, कारण तेवढी लांब भाषणं दुसऱ्या कुणाला पाठ होण्यासारखी नव्हती. राहता राहिली बायको. स्त्रीच्या मनावरच्या त्या नाटकात स्त्री एकही नव्हती. घरंदाज बाई रंगभूमीवर येणार नाही, आणि दुसरी आणलेली आपल्याला चालणार नाही, असं मंडळींचं एकमत झालं आणि काम कारकुनाला मिळालं. तो चेहऱ्यानं नाजूक होता आणि मिशी काढायला तयार होता.

हा कारकून मग माझ्याकडे अभ्यासाला येऊ लागला. बिचारा भला मुलगा. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसून माझं न बोलणं बघत राही. मी त्याच्याशी बोलत असे, अबोला काही त्याच्याशी नव्हता. एकदा त्यानं विचारलं, "वहिनी, गप्प बसल्यावर हातांचं काय करायचं?" मी म्हटलं, "तांदूळ निवडायचे." मग विचारलं, "आणि मनात काय चाललेलं असतं?" हा प्रश्न घरात पहिल्यांदा कुणी विचारला होता. पण त्याला उत्तर देऊन टाकलं तर तेही अंकात जाईल, या भीतीनं मी त्याला परत तांदळाकडे वळवलं.

खरी खोली हवी म्हणून आमच्याच घरातली खोली उचलली गेली. झोपाळा गेला, शेगडी गेली, पाण्याची घागर गेली, आणि कारकुनासाठी माझं हिरवं इरकली लुगडं गेलं. मी मागच्या अंगणात तीन दगड मांडून भाकरी थापू लागले. आधुनिकता म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं असतं तर मी त्या तीन दगडांकडे बोट दाखवलं असतं.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी अमळनेर तालुक्यातले आबा आले. आबा म्हणजे यजमानांचे सगळ्यांत जुने पक्षकार. बांधाचा एक दावा ते अनेक वर्षं आमच्याकडून लढवत होते. तारखेला आले की आमच्याकडे उतरत, झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत आणि घरच्यासारखे जेवत. या वेळी नाटक बघायचं म्हणून त्यांनी अक्कांनाही, म्हणजे आपल्या बायकोला, आणलं होतं. अक्कांनी ओट्यावर पाय ठेवला, झोपाळ्याची रिकामी कडी पाहिली, अंगणातले दगड पाहिले आणि मी भिंतीला जेवायला बोलावते आहे तेही ऐकलं. मग नुसत्या माझ्या शेजारी बसून भाकऱ्या उलटू लागल्या.

नाटकाला जागा होती एका जिनिंग फॅक्टरीचं कापसाचं गोदाम. हंगाम संपलेला असल्यामुळे ते रिकामं होतं आणि शेठजींनी ते फुकट दिलं होतं. कापूस गेला तरी त्याचा भुगा हवेत राहतोच, त्यामुळे लोक आत आल्यापासून शिंकत होते. पुरुष पुढे सतरंज्यांवर बसले. आम्ही बायका एका बाजूला, गठाणींना लावायच्या बारदानाचा पडदा शिवून केलेल्या आडोशामागे. बारदानाला भोकं होती, तेवढं बरं होतं. नाटक संध्याकाळी सहाला सुरू होऊन नऊच्या आत संपणार असं जाहीर केलं होतं, पण लोकांचा यावर विश्वास बसला नव्हता. नाटक म्हणजे उजाडेपर्यंत चालणार या हिशेबानं बरीच मंडळी चादरी आणि भाकरीची फडकी घेऊनच आली होती.

पहिले दोन अंक कसेबसे पार पडले. लोक पदाची वाट बघत होते. नायकानं घसा खाकरला की गोदाम एकदम शांत होई आणि भाषण सुरू झालं की पुन्हा शिंका सुरू होत.

तिसऱ्या अंकाचा पडदा वर गेला. गॅसबत्तीच्या उजेडात आमचा झोपाळा, आमची शेगडी, आमची घागर. माझं लुगडं नेसलेला कारकून सुपात तांदूळ निवडत बसलेला. यजमान रोजचाच काळा कोट घालून आले, झोपाळ्यावर बसले आणि स्त्रीच्या स्वातंत्र्यावर बोलू लागले. बोलता बोलता थांबले, "यावर तुझं काय म्हणणं आहे?" असं त्यांनी विचारलं. कारकून गप्प. त्यांनी पुढचं भाषण केलं, पुन्हा विचारलं. कारकून गप्प.

प्रॉम्प्टर होते ते प्राथमिक शाळेतले एक म्हातारे गुरुजी. आयुष्यभर त्यांनी पौराणिक नाटकांना विंगेतून शब्द पुरवले होते. या अंकात बाईला शब्दच नाहीत असं त्यांना दहादा बजावलं होतं. पण नट समोर गप्प बसलाय आणि आपण हातावर हात ठेवून उभे आहोत, हे त्यांना सोसेना. तिसऱ्या खेपेला ते विंगेतून कुजबुजले, "प्राणनाथ, दासीवर असा कोप का?" ही कुजबुज शेवटच्या सतरंजीपर्यंत पोचली. गोदामाला कळलं की गडी वाक्यं विसरलाय. लोक मदतीला धावले. "गुरुजी, मोठ्यानं सांगा!" "अरे, पद म्हणून टाक!" कारकून मान खाली घालून तांदूळ निवडत राहिला. त्या पोराचं मला कौतुक वाटलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेत आबा उभे राहिले. लोकांकडे वळून आपल्या अहिराणीत म्हणाले, "अरे, हसतस काय? हाई ते वकीलसाहेबनं घर शे! हाऊ झोका त्यासना, हाई शेगडी त्यासनी. मी सोता हाऊ झोकावर बठेल शे. हाई नाटक नही, हाऊ घरना वाद शे!"

यात त्यांचं काय चुकलं, ते मला आजही सांगता येत नाही. खरी खोली, खरा झोपाळा, खरा कोट, रंग न लावलेला खरा नवरा, आणि बायको अबोला धरून बसलेली. आमच्याकडे असं दिसलं की वडीलधाऱ्या माणसानं मध्ये पडायचं असतं. आबा रंगभूमीच्या फळ्यांशी गेले, हात टेकवला आणि कारकुनाला म्हणाले, "माय, काबरं बोलत नही? तुले काय जोयजे ते मोकळं सांग. मी शे ना आठे."

"आबा, खाली बसा," यजमान दातओठ खात हळूच म्हणाले, "नाटक चाललंय."

"ते मी मंग दखसू. आधी हिले बोलू द्या."

आता बारदानामागे चुळबुळ सुरू झाली. बायकांना त्या अंकातलं काही समजावून सांगायची गरजच नव्हती. मागून एक आवाज आला, "कसाले बोलाव तिनी? बोलीसन काय व्हस?" दुसरी म्हणाली, "मना बाप वारना तव्हय बी माले माहेर धाडं नही. मी बोलनू व्हतू ना, काय व्हयनं?" एक म्हातारी जवळजवळ ओरडली, "बठ्ठं काम मी करस, आन नाव सासूनं!" जी ती कारकुनाच्या वाटचं बोलू लागली. कुणी हळू, कुणी मोठ्यानं, कुणी नुसतं "व्हय व माय" म्हणून. यजमानांनी आवाज चढवून स्वातंत्र्यावरचं भाषण पुढे रेटलं, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही. ते ओठ हलवताना तेवढे दिसत होते. आणि कारकून रडत होता. ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या लुगड्याच्या पदरानं डोळे पुसत तो तसाच बसून राहिला.

स्त्रीच्या मनात डोकावायला निघालेली मंडळी विंगेत डोक्याला हात लावून उभी होती, आणि ते मन इथं बारदानाच्या भोकांतून सांडत होतं.

अक्का माझ्या शेजारी होत्या. त्यांनी माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, "काय जोयजे व तिले?"

मी म्हटलं, "देवपूरला शिकायला जायचंय. मास्तरीण व्हायचंय."

अक्का उठल्या. बारदान वर उचलून त्यांनी डोकं बाहेर काढलं आणि नवऱ्याला हाक दिली, "ओ, आयकं का! तिले देवपूरले शिकाले जावानं शे! मास्तरीन व्हवानं शे! इचारा त्याले, धाडस का नही!"

देवपूर हा शब्द नाटकात कुठंही नव्हता. यजमान बोलायचे थांबले. त्यांनी बारदानाकडे पाहिलं. माझा चेहरा त्यांना दिसणं शक्य नव्हतं, पण मी तिथं आहे हे त्यांना त्या क्षणी नक्की कळलं. गुरुजींनी विंगेत पानं उलटून पाहिली. या अंकात नवऱ्यानं गप्प बसावं असं कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"बोला साहेब," आबा म्हणाले. "चार लोक बठेल शेत."

चार कसले, सगळं गोदाम भरलेलं होतं आणि ते आता एका सुरात "हो म्हणा, हो म्हणा" करू लागलं. यजमानांनी विंगेकडे पाहिलं. डॉक्टरांनी, एकदाचं उरका, अशी हातानं खूण केली. तेव्हा वकीलसाहेब झोपाळ्यावरून उठले आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "धाडतो. जूनमध्ये धाडतो."

मग जो कडकडाट झाला तो जळगावात मी पुन्हा ऐकला नाही. पदांना वन्समोअर द्यायची सवय असलेले लोक, त्यांना संध्याकाळभर एकही पद मिळालेलं नव्हतं. त्यांनी याच वाक्याला वन्समोअर दिला. यजमानांना ते तीन वेळा म्हणावं लागलं. तिसऱ्या वेळी आवाज बराच मोठा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर सुतक असल्यासारखी मंडळी जमली. नाटक पडलं यावर सगळ्यांचं एकमत होतं. "आपला प्रेक्षक अजून तयार नाही," मास्तर म्हणाले. तिथल्या एका साप्ताहिकानंही पुढे लिहिलं की तिसरा अंक लेखकाकडून लिहायचाच राहिलेला दिसतो. मला मात्र हसू येत होतं. इतकी वर्षं ज्याची वाट बघत या लोकांनी वांगी भाजली, ते काल त्यांच्या डोळ्यांसमोर गोदामात घडून गेलं होतं. नट कोण आणि बघणारा कोण याचा पत्ता राहिला नव्हता, लेखकाच्या हातून अंक सुटून अमळनेरच्या एका म्हातारीच्या हाती गेला होता. पण त्यांनी ते ओळखलं नाही. आधुनिक गोष्ट पुण्या-मुंबईहून, जमलंच तर इंग्रजी पुस्तकातून येणार, अशी त्यांची समजूत होती. ती बारदानामागून येईल हे त्यांच्या डोक्यात शिरणं कठीण होतं.

आबा आणि अक्का गाडीला निघायचे होते, ते निघेनात. चहा झाल्यावर आबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मंग साहेब, जूनमा कोनता दिन धरा देवपूरले जावाना?"

यजमान हसले. "आबा, ते नाटक होतं. मी सोंग घेतलं होतं."

"सोंग ल्हेतस ते तोंड रंगाडतस," आबा शांतपणे म्हणाले. "तुमी ते तुमनाच कोटमा व्हतात. तुमनाच झोकावर बठेल व्हतात. लोकसम्होर तीन डाव शब्द दिन्हा. आन जो वकील लोकसम्होर शब्द फिरावस, तो कोर्टमा मना बांधनं काय सांगी?"

यजमानांनी डॉक्टरांकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. दोघंही कपातल्या गाळाकडे बघत होते. रंग लावायचा नाही हा नियम मास्तरांचाच होता. शिवाय काल गोदामात बसलेल्यांत आमचे उरलेसुरले पक्षकार जवळजवळ सगळे होते. हे गणित वकीलसाहेबांना पटकन सुटलं. "मी कधी नाही म्हटलं होतं?" ते म्हणाले. "माझा तर पहिल्यापासून पाठिंबा होता."

मी बाहेर येऊन त्यांना विचारलं, "अहो, आणखी चहा आणू का?" अबोला सुटला.

पुढच्या तीन आठवड्यांत त्यांनी तिसरा अंक बदलून टाकला. आता बायको भरपूर बोलू लागली. नवऱ्याची क्षमा मागू लागली, आणि मध्ये तीन पदं आली. कारकुनाच्या तोंडाला रंग आला आणि झोपाळा घरी परत आला. या रूपात ते नाटक भुसावळपासून धुळ्यापर्यंत चांगलं चाललं, यजमानांचे दोन ठिकाणी सत्कारही झाले. जुना अंक कुणाच्या स्मरणात राहिला नाही. कारकुनाच्या तेवढा राहिला असावा. पुढे कधी भेटला की तो नव्या अंकाचं नाव निघताच विषय बदलत असे.

जूनमध्ये आम्ही चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला गेलो. वाटेत यजमानांनी डब्यातल्या लोकांना स्त्रीशिक्षणाचं महत्त्व सांगितलं आणि आपण बायकोला स्वतः घेऊन चाललोय हेही सांगितलं. एका म्हाताऱ्यानं त्यांना नमस्कार केला. मी खिडकीबाहेर बघत होते. रागवायचं ठरवलं होतं, पण स्टेशनवरून टांग्यानं देवपुराकडे निघालो आणि पांझरेचा पूल लागला तेव्हा मला इतका आनंद झाला होता की रागाला जागाच राहिली नाही.

देवपुरातल्या त्या वर्गाच्या मोठ्या बाई टेबलामागे बसल्या होत्या. यजमानांनी आपलं नाव सांगितलं, पदवी सांगितली, नाटककार असल्याचं सांगितलं. आपली हरकत नसल्याचं त्यांनी इतक्या लांबलचक वाक्यात सांगितलं की बाईंना "म्हणजे हरकत नाही ना?" असं विचारावं लागलं. मग बाईंनी विचारलं, "यांचं नाव?"

यजमानांनी नाव सांगितलं. लग्नात ताटभर तांदळांत अंगठीनं लिहून त्यांनी माझं जे ठेवलं होतं, ते. कुठल्याशा संस्कृत नाटकाच्या नायिकेचं होतं. त्यांना ते फार आवडत असे.

बाईंनी माझा सातवीचा दाखला समोर धरला होता. त्या म्हणाल्या, "इथं दुसरंच दिसतंय." आणि यजमानांकडे न बघता त्यांनी मला विचारलं, "तुम्ही सांगा. काय लिहू?"

मी दाखल्यावरचं सांगितलं. वडिलांनी ठेवलेलं, शाळेत हजेरीला घेतलं जायचं ते. बाईंनी ते लिहिलं, त्यापुढे यजमानांचं नाव आणि आडनाव लावलं, आणि मला आतली खोली दाखवायला एका मुलीला हाक मारली.

यजमान माझी वळकटी घेऊन दारापर्यंत आले. लिंबाखाली थांबले. काहीतरी आठवायचा प्रयत्न करत होते असं त्यांच्या कपाळावरून दिसत होतं. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती.

"ते नाव कुणाचं?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

"माझं," मी म्हटलं, आणि त्यांच्या हातातून वळकटी घेतली.